वावरात रिव्हॉल्वर कशाला?

हरभरा घाट्यावर आला की फुलसावंगी परिसरात जागल सुरू होते आणि जागलीवर बंदुकीचा विषय निघतोच. "साहेब, स्वस्तातलं एखादं रिव्हॉल्वर घेऊन टाकलं तर?" असे आता पुष्कळजण विचारू लागले आहेत. म्हणून हे चार शब्द.

स्वस्त म्हणजे किती, ते आधी पाहा. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये .३२ बोअरचे 'निर्भीक' काढले, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. पुढे इशापूरच्या कारखान्याने .२२ बोअरचे 'निडर' आणले. ते बरेच स्वस्त आणि वजनाला जेमतेम पाव किलो. खिशात मावते खरे, पण ही हत्यारे अगदी जवळून स्वतःचा जीव वाचवण्यापुरती. नळी आखूड, गोळी हलकी. अंधारात पळत्या डुकराला ती लागणे कठीण, अन् लागलीच तर डुक्कर जागेवर पडेल याचा भरवसा नाही. जखमी डुक्कर काय करते, हे जागलकऱ्याला आम्ही सांगायला नको.

कायद्यातही पीक संरक्षणासाठी नाव घेऊन लिहिलेले हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ वाचा. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची अशी बंदूक आहे त्यांनी ती जपावी. काळी बारूद ओल धरते. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावले नाही तर आतून गंज खातो. काडतूस फोडून त्यातली बारूद ठासणीत कधीही भरू नका. तिचा दाब फार मोठा, नळी फुटून बोटे जातात.

परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीनऐवजी पाच वर्षे झाली, म्हणून ती विसरतेही लवकर. परवानाधारक वारला की भिंतीवरची बंदूक वारसाची आपोआप होत नाही. ती ठाण्यात जमा करून नवा अर्ज करावा लागतो. पोलीस पाटलांनी गावात एकदा ही चौकशी करावीच.

सगळ्यात 'स्वस्त' तो देशी कट्टा. त्याचे नाव काढू नका. विनापरवाना हत्यार जवळ सापडले तर किमान दोन वर्षे कैद, बनवणाऱ्याला किमान सात. आपल्या गावात हाताची कला कमी नाही. पण २०२१ मध्ये स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते तुटून एक गुणी पोरगा गेला, हे आपण पाहिले. लोखंड किती ताण सोसेल ते डोळ्याला दिसत नाही. वावरातल्या तारेत करंट सोडण्याचेही तेच. डुकराआधी शेजारचा गडी चिकटतो.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर आणि रोही दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मारायचे तर वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते. ती मिळेपर्यंत जागल पाळीपाळीने, चार-पाच वावरांनी मिळून करा. एकट्याची जागल डुकराला लवकर कळते. नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे लेखी अर्ज द्या, सातबारा जोडा, आणि पंचनामा होईस्तोवर उकरलेले वावर तसेच राहू द्या.