नैसर्गिक रंगाच्या कापडाची खरी साक्ष

'नैसर्गिक रंगाचें कापड' अशी चिठ्ठी लावलेला माल आज बाजारांत चढ्या भावानें खपतो. परंतु त्या चिठ्ठीस आधार काय, हा प्रश्न फारसा कोणी करीत नाहीं. रंगाचें पीक काढणाऱ्या शेतकऱ्यानें तरी तो अवश्य केला पाहिजे, असें आमचें मत आहे. कारण या धंद्यांत तो एकदां बुडालेला आहे. १८६८ सालीं मंजिष्ठेंतील लाल द्रव्य जर्मनींत डांबरापासून तयार झालें, १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आली, आणि वऱ्हाड-खानदेशांतील आलीची लागवड मोडली.

सध्यांचीं चिन्हें या कामीं पुरीं पडत नाहींत. २००६ सालीं निघालेलें हातमाग-चिन्ह कापड हातमागावर विणलें एवढेंच सांगतें. सेंद्रिय कापडाच्या 'गॉट्स' प्रमाणास निर्धोक ठरलेले कृत्रिम रंगही चालतात.

आमच्या मतें प्रमाणपत्रानें तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या. रंग कोठून आला, ही पहिली. तो बसविण्यास तुरटी वापरली कीं क्रोमचा क्षार, ही दुसरी. क्रोम घातलेलें कापड केवळ रंग झाडाचा म्हणून निर्दोष ठरत नाहीं. तिसरी, रंग धुण्यास व उन्हास किती टिकतो. करडईच्या पाकळ्यांचा कुसुंबी रंग उन्हांत लवकर उडतो. तें लपविण्यापेक्षां छापून सांगणें हिताचें. गिऱ्हाईक एकदां फसलें कीं बट्टा सबंध मालास लागतो.

पहिली गोष्ट ठरविणें सर्वांत कठीण. झाडाच्या व कृत्रिम निळीचें मुख्य द्रव्य एकच असतें. किरणोत्सारी कार्बनाच्या परीक्षेनें खनिज तेलापासून केलेला रंग ओळखतां येतो, पण ती परीक्षा खर्चाची. म्हणून मूळ पुरावा शेतांतच ठेविला पाहिजे. आमचें आयुष्य महसूल दप्तरांत गेलें. पेऱ्याच्या नोंदीचें मोल आम्ही जाणतों. २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणीनें शेतकरी स्वतः आपला पेरा नोंदवितो. नीळ व करडई यांचें क्षेत्र तेथें लिहिलें, आणि विक्रीच्या पावतीवर गट नंबर व वजन घातलें, कीं एक क्विंटल पाकळ्या पिकवून दहा क्विंटल विकणाऱ्याची लबाडी कागदावरच उघडी पडेल.

हा खर्च लहान शेतकऱ्यास झेपणार नाहीं, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु सेंद्रिय शेतीच्या सहभागी हमी पद्धतींत शेतकऱ्यांचे गट परस्परांचीं शेतें तपासतात. तीच रीत येथें लावावी. उरलेला भार कापड विकणाऱ्यानें उचलावा, कारण चढा भाव त्याच्याच पदरीं पडतो.

करडईचें बीं भरून पाकळ्या सुकल्यावर त्या वेंचल्या असतां तेलबियांचें नुकसान होत नाहीं. हें जोडउत्पन्न हातचें जाऊं द्यावयाचें नसेल, तर सभासद बंधूंनीं प्रथम आपला पेरा बिनचूक नोंदवावा, आणि पावतीवांचून माल देऊं नये.