आपट्याचे खाते कोणते?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या संध्याकाळी पुतणी सोने द्यायला घरी आली होती. ती तेव्हा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करीत होती. तिने वाकून नमस्कार केला, मी सकाळी बाजारातून आणलेल्या जुडीतली दोन पाने तिच्या हातावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, "सोनं घे, सोन्यासारखी राहा." तिने पान उजेडाकडे धरून पाहिले आणि हसली.

"काका, हा आपटा नाही. कांचन आहे."

"अगं, पान दोन भागांचं आहे की!"

"दोघांचंही तसंच असतं. पण आपट्याचं पान लहान, जाड, हाताला खरखरीत लागतं. लांबीपेक्षा रुंदी जास्त. हे बघा, केवढं मोठं आणि पातळ आहे. बाजारात सर्रास हेच विकतात." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि दुसरं सांगू? तुम्ही कॉलेजात आपटा ज्या उपकुलात शिकलात ना, त्या उपकुलात तो आता नाहीच. चिंचही नाही. उलट बाभूळ तिथे आली आहे."

मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतले होते. पुढे आयुष्य बँकेत गेले आणि उरलेला वेळ कादंबऱ्यांनी घेतला. पण शिंबावंत कुल, म्हणजे शेंगा धरणाऱ्या झाडांचे कुल, आणि त्याची तीन उपकुले ही मला पाढ्यांसारखी पाठ होती. ती तीन नाहीत, असे कोणी म्हणणे म्हणजे निवृत्तिवेतनधारकाला 'तुमचे खाते आता या शाखेत नाही' असे खिडकीतून सांगण्यासारखेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना मित्रांना हे सांगितले, तेव्हा एकजण म्हणाला, "शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही. झाड तेच, पान तेच, फक्त पाट्या बदलत बसायचं." सगळे हसले. मीही हसलो असतो. पण बँकेतली एक जुनी आठवण आड आली, म्हणून हा लेख.

आधी आम्ही काय शिकलो ते सांगतो. आमच्या महाविद्यालयांत बेंथॅम आणि हूकर या दोन इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांची पद्धत शिकवीत. त्यांच्या ग्रंथाचा शेंगावाल्या झाडांविषयीचा भाग 1865 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी या झाडांचे फुलावरून तीन गट केले होते. पहिला पलाश उपकुल. पळस, पांगारा, हरभरा, तूर, वाल, भुईमूग ही त्यातली मंडळी. फूल फुलपाखरासारखे: वर एक मोठी पताका, दोन बाजूंना दोन पंख आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. दुसरा शिरीष उपकुल. शिरीष, बाभूळ, खैर, लाजाळू. पाकळ्या नावापुरत्या, पुंकेसरांचाच गोंडा. आणि तिसरा संकासूर उपकुल, शास्त्रीय भाषेत सीसॅल्पिनिऑइडी. संकासुराच्या प्रजातीला सीसॅल्पिनिया हे नाव आंद्रेआ चेझालपिनो या इटालियन वैद्याच्या स्मरणार्थ मिळाले. झाडांची विभागणी औषधी उपयोगावरून न करता त्यांच्या फळाबियांवरून करावी, असे त्याने 1583 सालच्या आपल्या ग्रंथात मांडले होते.

या तिसऱ्या उपकुलात आमचे सगळे लाडके वृक्ष होते. आपटा, कांचन, चिंच, सीतेचा अशोक, बहावा, गुलमोहर, टाकळा, तरवड. गुलमोहराचे फूल आठवा. चार पाकळ्या लाल आणि पाचवी पांढरट, ठिपक्याठिपक्यांची. लहानपणी ती आम्ही आंबट म्हणून खात असू. कळी उलगडून पाहिली, तर ही निराळी पाकळी सगळ्यांच्या आत मिटलेली असते. पळसाच्या कळीत मात्र पताका सगळ्यांच्या बाहेर, बाकीच्या पाकळ्यांना पोटाशी धरून असते. परीक्षेत हा फरक लिहिला की मास्तर खूश होत.

पण आज विचार करता एक गोष्ट जाणवते. पलाश उपकुलाला स्वतःची खूण होती. शिरीष उपकुलाला होती. संकासूर उपकुलाची खरी खूण कोणती? तर जे फुलपाखरू नाही आणि गोंडाही नाही, ते इथे. चिंचेच्या फुलात तीनच पाकळ्या डोळ्यांत भरतात, उरलेल्या दोन केसासारख्या. सीतेच्या अशोकाला पाकळ्याच नाहीत, दिसतो तो रंगीत निदलपुंज. बहाव्याच्या पाच पाकळ्या जवळजवळ सारख्या. या सगळ्यांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे 'इतर' हा शब्द.

बँकेत आम्ही अशा खात्याला 'सस्पेन्स' म्हणत असू. एखादी रक्कम येते, ती कोणाची हे त्या क्षणी कळत नाही. संध्याकाळी हिशेब तर जुळला पाहिजे. मग ती सस्पेन्सला टाकायची. व्यवस्था उत्तम, अट एकच: ती तात्पुरती असली पाहिजे.

ऐंशीच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी अधिकारी होतो. एका विधवा बाईंची थकबाकीची रक्कम वरून आली. खातेक्रमांकात एक आकडा चुकलेला, नावात माहेर-सासरचा घोळ. मी ती सस्पेन्सला टाकली, 'उद्या बघू' म्हणालो आणि विसरलो. बाई दर महिन्याला येत. खिडकीवरचा कारकून खाते बघून सांगे, "आलेले नाहीत." तो खोटे बोलत नव्हता. चौदा महिन्यांनी तपासणीत ती नोंद निघाली. पैसे दिले, तेव्हा कळले की मधल्या काळात बाईंनी पाटल्या मोडल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "माझेच पैसे होते ना साहेब? मग इतके दिवस ते होते कुठं?"

या प्रश्नाला मी आजवर उत्तर देऊ शकलेलो नाही. पैसे चुकीच्या माणसाच्या खात्यात गेले नव्हते. ते कुणाच्याच खात्यात नव्हते.

शेंगावाल्या झाडांचे हे सस्पेन्स खाते दीडशे वर्षे तसेच राहिले. त्यात काहीतरी गडबड आहे, हे जाणकारांना पूर्वीपासून दिसत होते. पण दिसणे वेगळे आणि एकेक नोंद उलगडून दाखवणे वेगळे. ते काम 2017 साली झाले. जगभरच्या 97 अभ्यासकांनी मिळून नवी मांडणी प्रसिद्ध केली. पानांतल्या हरितद्रव्याच्या कणांमध्ये असलेल्या एका जनुकाची अक्षरे त्यांनी झाडाझाडांत ताडून पाहिली. या कुलात त्या वेळी मानल्या गेलेल्या 765 प्रजातींपैकी 698 त्यात आल्या. भाऊबंदकीच्या खटल्यात वंशावळ काढतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे साक्षीदार नव्हते, झाडाने स्वतःच जपलेला दस्तऐवज होता.

निकाल असा लागला. उपकुले तीन नव्हेत, सहा. आपटा आणि कांचन यांचे एक वेगळे उपकुल. चिंच आणि सीतेचा अशोक यांचे दुसरे. या दोन्ही शाखा फार पूर्वीच वेगळ्या निघालेल्या. आणखी दोन लहान उपकुले, त्यांतल्या एकात तर पश्चिम आफ्रिकेतली एकुलती एक वेल. पलाश उपकुल जागच्या जागी राहिले. आणि संकासूर उपकुलात बहावा, गुलमोहर, टाकळा राहिले. पण बाभूळ, खैर, शिरीष, लाजाळू ही सगळी त्याच फांदीच्या आतून फुटलेली निघाली, म्हणून शिरीष उपकुल मोडून त्यांना मूळ घरी आणले गेले. आम्ही सख्ख्या पुतण्यांना घराबाहेर ठेवून लांबच्या पाहुण्यांना घरचे समजत होतो! नव्या वंशावळीप्रमाणे गुलमोहर हा चिंचेपेक्षा हरभऱ्याला जवळचा आहे. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी पुतणीला दोनदा विचारले.

'मग आम्हाला काय त्याचे?' हा माझ्या मित्राचा प्रश्न रास्त आहे. एक साधे उदाहरण देतो. 'शेंगेचे झाड म्हणजे जमिनीला नत्र' हे आपण सरसकट म्हणतो. हवेतले नत्र बांधणारे जिवाणू मुळांवरच्या गाठींत राहतात, आणि अशा गाठी सहांपैकी दोनच उपकुलांत आढळतात: पलाश आणि नव्या संकासूर उपकुलात. आपट्याच्या आणि चिंचेच्या शाखांत त्या नाहीतच. संकासूर उपकुलातही बहावा आणि गुलमोहर गाठींवाचून आहेत. बाभळीला मात्र त्या असतात. तेव्हा पडीक जमीन सुधारायला कोणी गुलमोहर लावला, तर सावली मिळेल, शोभा मिळेल, नत्र मिळणार नाही.

दुसरे उदाहरण अशोकाचे. सोसायटीच्या कुंपणाशी सरळसोट वाढणाऱ्या झाडाला आपण अशोक म्हणतो, ते सीताफळाच्या कुलातले आहे. औषधाला साल लागते ती सीतेच्या अशोकाची, चिंचेच्या भाऊबंदाची. बाजारात एकाच्या सालीत दुसऱ्याची साल मिसळली जाते, हे आयुर्वेदाच्या जाणकारांचे जुने दुखणे आहे. नाव आणि झाड यांची ताटातूट झाली की पाटल्या कोणाच्या तरी मोडतातच.

सगळेच बदल मला पटले असे मात्र नाही. बाभळीचे शास्त्रीय नाव आमच्या वेळी अकेशिया होते. हा शब्द प्राचीन ग्रीकांनी इजिप्तच्या काटेरी झाडासाठी वापरला, म्हणजे आपल्या बाभळीसाठीच. पुढे या मोठ्या प्रजातीची वाटणी झाली, तेव्हा नाव कोणी ठेवायचे यावर वाद झाला. 2005 साली व्हिएन्नात आणि 2011 साली मेलबर्नला जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेने ते ऑस्ट्रेलियातल्या नऊशेहून अधिक जातींना दिले. आपली बाभूळ झाली व्हॅशेलिया, खैर सेनेगालिया. कोकणात सामाजिक वनीकरणाने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तेवढी अकेशिया राहिली. जास्त खातेदारांची गैरसोय नको, हा युक्तिवाद बँकेच्या माणसाला समजतो. पण घराचे नाव मूळ मालकाच्या दारावरून काढून भाऊबंदांच्या दारावर लावले, ही रुखरुख राहतेच. उपकुलांची फेरमांडणी हा पुराव्याचा निकाल होता. हा सोयीचा होता. दोहोंत फरक करावा.

आणि तरीही मी मित्राशी सहमत नाही. पाट्या बदलणे हा रिकामा उद्योग नव्हे. आपल्याच पूर्वसुरींनी घातलेली नोंद, आपणच पाठ केलेली आणि शिकवलेली नोंद, पुरावा समोर आल्यावर खोडायची आणि खाली सही करायची, याला धैर्य लागते. मला ते चौदा महिने झाले नव्हते.

गेल्या दसऱ्याला मी बाजारातून जुडी आणली नाही. आपट्याच्या नावाखाली ओरबाडलेल्या फांद्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तुडवल्या जातात, ते बघवत नाही. आमच्या अंगणात कांचनाचे एक झाड आहे. बाउहिनिया ही त्याची प्रजाती बाउहिन नावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांची आठवण म्हणून ओळखली जाते. एका देठावरची जुळी दले म्हणजे ते दोघे भाऊ. त्याची मोजकी पाने खुडली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगून दिली, "हा आपटा नाही, कांचन आहे." एकदोघांना ते अशुभ वाटले. पुतणी मात्र खूश झाली. म्हणाली, "काका, कांचन म्हणजे तरी काय? सोनंच ना?"

खरेच की. ज्याचे स्वतःचेच नाव सोने, त्याला आपण इतकी वर्षे दुसऱ्याच्या नावावर खपवीत होतो.