रात्रभर लॅपटॉप म्हणजे प्रगती नव्हे

आता आपल्या वस्तीतही एखाद-दुसऱ्या घरातला मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला आहे. आई शेजारणीला कौतुकाने सांगते, "पोरगं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर असतं." आम्हीही सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो. म्हणून मोकळेपणाने सांगतो, यात कौतुकापेक्षा काळजी करण्यासारखेच जास्त आहे.

मुळात हे काम कसे असते ते घरच्यांनी समजून घ्यायला हवे. बटणे बडवत राहिले की सॉफ्टवेअर तयार होते असे नाही. आमचा निम्मा दिवस दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात जातो. कधी एक चूक शोधायला सकाळची संध्याकाळ होते, आणि दुरुस्ती मात्र एका ओळीची असते. कधी नको असलेल्या पन्नास ओळी काढून टाकणे हेच दिवसभरातले सर्वांत चांगले काम ठरते. म्हणजे इथे हात चालत नाहीत, डोके चालते. थकलेले डोके रात्री एक वाजता जे लिहिते, त्यातली चूक निस्तरायला पुढचे दोन दिवस जातात. रात्रीचे ते तास सावकाराकडून उचललेल्या पैशासारखे असतात. व्याजासकट फेडावे लागतात.

सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची सावधता दारू प्यायलेल्या माणसाइतकी खाली येते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. ती पातळी आपल्या देशात गाडी चालवण्यासाठी कायद्याने ठरवलेल्या दारूच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बाराला त्या अवस्थेत पोचतो. अशा माणसाच्या हातात आपण रिक्षा देणार नाही. मग बँकेचा नाहीतर दवाखान्याचा हिशेब ठेवणारा कोड त्याच्याकडून का लिहून घ्यावा?

ही समज आजची नाही. आयबीएम कंपनीत एका प्रचंड सॉफ्टवेअरचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते आणखी रखडते, हा त्यातला धडा आमच्या क्षेत्रात आजही सांगितला जातो. माणसे गुणिले महिने असा सरळ हिशेब या कामात चालत नाही. आमच्या मते, नुसते तास वाढवण्याचेही तसेच आहे.

तरी मोठी माणसे तासांचीच भाषा बोलतात. २०२३ साली इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तासांचे बोलणे गाजले. आता आरोग्याची बाजू पाहा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना केली, तर ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना लकव्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्या काळात, १९४६ साली, कारखान्यांतली आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. कामगाराच्या विश्रांतीला किंमत आहे हे तेव्हा कायद्याने मानले. लॅपटॉपवर काम करणारा तरी वेगळा कसा?

आमची मुले रात्री का जागतात याचे कारण आम्हाला माहीत आहे. घरात पहिलाच मोठा पगार आलेला असतो. त्यावर कर्जाचा हप्ता आणि धाकट्या बहिणीची फी अवलंबून असते. मीटिंगमध्ये इंग्रजी अडखळते. विचारले तर आपल्याला काही येत नाही असे वाटेल, अशी भीती असते. मग जे बोलून सुटले असते ते जागून सोडवले जाते. त्यात ग्राहक अमेरिकेतला असेल तर तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. रात्री साडेआठला मीटिंग आणि सकाळी परत ऑफिस.

या कामात माणूस पुढे जातो तो जागरणाने नाही, तीन सवयींनी जातो असे आमचे मत आहे. पहिली, अर्धा तास प्रयत्न करूनही अडले तर विचारायचे. दुसरी, काम किती दिवसांत होईल ते खरे सांगायचे. उशीर होणार असेल तर आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी सांगायचे. तिसरी, रोज एक तास ऑफिसच्या कामाबाहेरचे काही नवे शिकायचे, आणि तेही डोके ताजे असताना. वर्षाचे तीनशे तास होतात. तेवढ्यात माणूस एक नवी कॉम्प्युटरची भाषा शिकतो किंवा इंग्रजी बोलायला सरावतो.

कधी काम ग्राहकाच्या हाती द्यायची वेळ येते आणि एखादी रात्र जागावीच लागते. नोकरी आहे, सगळेच आपल्या हातात नसते. पण रोजच रात्र होत असेल तर तो मुलाचा आळस नाही, वरच्यांच्या नियोजनाची खोट आहे. सहा महिने अंग झिजवून घेण्यापेक्षा शांतपणे दुसरी नोकरी शोधावी.

घरच्यांच्या हातातही बरेच आहे. दहा बाय दहाच्या खोलीत वेगळे टेबल कुठून येणार? पण बिछान्यावर वाकून बसण्यापेक्षा भिंतीला टेकून, लॅपटॉप एखाद्या स्टुलावर ठेवता येतो. दर २० मिनिटांनी २० सेकंद दारातून २० फूट लांब पाहिले तर डोळ्यांना आराम मिळतो. विहारात अभ्यासिका असेल तर तो एक तास तिथे काढावा. टीव्हीचा आवाज थोडा वेळ कमी ठेवावा. मुलगा भिंतीकडे बघत बसला तर "नुसता बसलायस" म्हणू नये, तो विचार करत असतो. जेवण वेळेवर आणि झोप किमान सात तास, एवढे घराने पाळावे.

आणि मुलीचे काय? ती ऑफिसातून येऊन भाकरी थापते, भांडी घासते आणि मग लॅपटॉप उघडते. तिची तर दुहेरी पाळी होते. भावाने पाणी भरावे, वडिलांनी भांडी विसळावीत. यात कमीपणा नाही, तिच्या पगारावर घर चालते.

छातीत दुखणे, आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, विनाकारण रडू येणे, कशातच मन न लागणे, ही लक्षणे अंगावर काढू नका. छातीत दुखले तर लगेच दवाखाना गाठा. मन खचले असेल तर सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि रात्रीही चालू असतो.

शिकून नोकरीला लागलेले मूल घराने खूप कष्टाने उभे केलेले असते. त्याला अजून तीस वर्षे काम करायचे आहे. तेव्हा आया-बापांनो, लेकरू किती वाजेपर्यंत जागले हे शेजारी सांगत बसू नका. आज काय नवे शिकलास, ते त्याला विचारा आणि वेळेवर दिवा मालवा.