मोजणीत नसलेला वाचक

कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान दरवर्षी आपला वार्षिक अहवाल काढते. कोणत्या राज्याला किती रक्कम दिली, कोणत्या योजनेखाली किती मदत झाली, याचे तक्ते त्यात असतात. सरकारी अहवाल म्हणून त्यात वावगे काही नाही. पैसा जनतेचा आहे आणि त्याचा हिशेब द्यायलाच हवा. आपला प्रश्न या हिशेबात नसलेल्या रकान्याचा आहे. या पैशावर चालणाऱ्या ग्रंथालयाच्या दारातून आत कोण जाते?

घरात पहिल्यांदा पदवी मिळवलेल्या कुणालाही हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते. क्रमिक पुस्तके संपली की वाचायचे काय, हे सांगणारे कुणी नव्हते. ज्यांच्या घरी आजोबांपासून ग्रंथ आहेत त्यांना सार्वजनिक ग्रंथालय ही सोय असते. ज्यांच्या घरी नाहीत त्यांच्यासाठी तो शिक्षणाचा अर्धा भाग असतो. म्हणून ग्रंथालयाला पैसा देणारी आणि सल्ला देणारी मंडळे वर्षभर काय करतात, हे आपण बारकाईने पाहायला हवे. अर्थसंकल्पाच्या चर्चेत या मंडळांचे नाव क्वचितच येते, त्यामुळे त्यांच्याकडे लक्ष देण्याची सवय आपल्याला लागलेली नाही.

आधी रचना. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे ग्रंथालये हा राज्यांचा विषय आहे. केंद्र त्यात मदतनीस म्हणून येते. राममोहन रॉय यांच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९७२ साली, केंद्र सरकारने या कामासाठी हे प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच्या मदतीचे दोन मोठे मार्ग आहेत. ‘समान निधी’ योजनेत राज्याने आपला वाटा घातला की प्रतिष्ठान आपला वाटा घालते, आणि हा पैसा कुठे वापरायचा ते राज्यातली समिती ठरवते. ‘असमान निधी’ योजनांत पैसा प्रतिष्ठानाचा असतो. इमारत बांधणे किंवा वाढवणे, बालविभाग, ज्ञान कोपरा, चर्चासत्रे आणि ग्रंथालयाचे ५०, ६०, ७५, १००, १२५ किंवा १५० वे महोत्सवी वर्ष साजरे करणे, अशा कामांसाठी ग्रंथालयांकडून प्रस्ताव मागवले जातात.

राज्यांच्या पातळीवर चित्र वेगवेगळे आहे. सगळ्या राज्यांत ग्रंथालय कायदा नाही. मद्रास प्रांतात १९४८ सालीच कायदा झाला आणि मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आला. केरळात १९८९च्या कायद्याने आलेली राज्य ग्रंथालय परिषद ग्रंथालयांच्या प्रतिनिधींमधून निवडून येते. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात उपकर नाही. शासनाला सल्ला देण्यासाठी राज्य ग्रंथालय परिषद आहे, आणि संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा दर्जा देऊन वार्षिक अनुदान देण्याची पद्धत आहे.

या नियमांत जातीवरून कोणाला वगळलेले नाही. प्रत्येकाला अर्ज करता येतो. पण नियम वाचताना एक साधा प्रश्न विचारत जावा : या अटीत सहज बसणारी संस्था कोणाची असेल?

महोत्सवी वर्षाची योजना घ्या. शंभर किंवा दीडशे वर्षे पूर्ण करायची तर ग्रंथालय १९२५च्या आधी किंवा १८७५च्या आधी निघालेले हवे. त्या काळात ग्रंथालय काढण्याइतका पैसा, जागा आणि अक्षरओळख कोणाकडे होती? रत्नागिरी, अहमदनगर, नाशिक, पुणे इथली जुनी ग्रंथालये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहेत. त्यांनी मराठी ग्रंथ जपले, हे मोठे काम आहे आणि ते मान्यच करायला हवे. पण ती निघाली तेव्हा आपल्या पणजोबांना शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती. वयाला बक्षीस देणारी योजना नकळत त्या काळच्या साक्षरतेलाच बक्षीस देते, आणि त्या काळची साक्षरता जातीने वाटलेली होती.

इमारतीची योजना घ्या. इमारतीला पैसे मागायचे तर आधी संस्थेच्या नावावर जागा लागते. वस्तीतली अभ्यासिका बहुतेक वेळा समाजमंदिरात, बुद्धविहारात नाहीतर ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीत चालते. तिच्या नावावर सातबारा नसतो, कधी कधी संस्थेची नोंदणीही नसते. तिथे मुले रोज रात्री अकरापर्यंत अभ्यास करत असली तरी योजनेच्या भाषेत ते ग्रंथालय ठरत नाही.

अनुदानवाढ घ्या. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२२ साली ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. अनेक वर्षे अडलेली ही वाढ आवश्यकच होती. पण सगळ्यांना सारखे टक्के वाढवले की शहरातल्या ‘अ’ वर्गाला मिळणारी रक्कम मोठ्या आकड्याने वाढते आणि खेड्यातल्या ‘ड’ वर्गाला मिळणारी लहान आकड्याने. दोघांतले अंतर रुपयांत रुंदावते. टक्केवारी समान दिसते, वाटप समान होत नाही.

आणि अर्जाची भाषा घ्या. प्रतिष्ठानाच्या असमान निधी योजनांची सूचना महाराष्ट्रात निघते तेव्हा प्रस्ताव इंग्रजीत किंवा हिंदीत, चार प्रतींत, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात द्या, असे सांगितले जाते. मराठी ग्रंथालयाने मराठी वाचकांसाठी मदत मागायची, पण मराठीत मागायची नाही. ज्या गावात इंग्रजी अर्ज लिहिणारे कुणी नाही, त्या गावाची गरज कमी आहे असे यातून ठरते का?

आता मोजणीकडे येऊ. २०११च्या जनगणनेने देशाच्या ग्रामीण भागात ७०,८१७ आणि शहरी भागात ४,५८० सार्वजनिक ग्रंथालये नोंदली. देशातल्या गावांची संख्या सहा लाखांच्या वर आहे, म्हणजे बहुसंख्य गावांत ग्रंथालयच नाही. हा आकडा चिंतेचा आहेच. पण जिथे ‘आहे’ अशी नोंद झाली तिथेही एक गोष्ट झाकलेली राहते. मोजणीचे एकक ‘गाव’ आहे. गावात ग्रंथालय आहे म्हणजे ते गावाच्या कोणत्या बाजूला आहे? देवळाच्या आवारात, पाटलांच्या वाड्याला लागून, की शाळेजवळ? संध्याकाळी सहानंतर मागासवर्गीय वस्तीतली मुलगी तिथपर्यंत एकटी जाऊ शकते का? घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ला बाबासाहेबांनी गावाला घटनेचे एकक मानायला नकार दिला, कारण गाव हे एकसंध नसते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ग्रंथालयांची मोजणी करणारे आजही गाव एकसंध धरूनच चालतात.

या मागणीला इतिहास आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात होते. त्या यादीत ग्रंथालयाचे नाव नव्हते. पुढच्याच वर्षी, जुलै १९२४मध्ये, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर ग्रंथालये आणि अभ्यासवर्ग काढण्याचा स्पष्ट उल्लेख होता. नंतर घटनेच्या कलम १५(२)ने राज्याच्या पैशावर पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागांमधला भेदभाव बेकायदा ठरवला. अनुदानित ग्रंथालय ही अशीच जागा आहे. कायद्याने दार उघडले आहे. आत कोण पोचले, हे पाहण्याची जबाबदारी मात्र अजून कोणत्याही मंडळाच्या वार्षिक कामाचा भाग झालेली नाही.

दाराबरोबर कपाटाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात ग्रंथ निवड समितीच्या शिफारशीने दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी निघते. प्रतिष्ठानाकडेही केंद्रीय निवडीतून ग्रंथ घेण्याची पद्धत आहे. दोन्हीकडे प्रकाशकाने वेळेत प्रती पाठवायच्या आणि ठरलेली कागदपत्रे पूर्ण करायची असतात. मोठ्या प्रकाशन संस्थेला हे जमते. आता सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लागणारे पुस्तकांचे स्टॉल आठवा. दोन दिवसांत तिथे जितकी मराठी पुस्तके विकली जातात, तितकी अनेक नावाजलेल्या दुकानांत महिनोन्‌महिने विकली जात नाहीत. लोक खांद्यावरच्या पिशव्या भरून पुस्तके नेतात. त्यांतल्या कितीतरी पुस्तिका छोट्या प्रकाशकांच्या असतात, काहींवर आयएसबीएन क्रमांकही नसतो. वाचकांनी स्वतःच्या पैशाने निवडलेले हे साहित्य सरकारी यादीपर्यंत पोचायची वाट फार अरुंद आहे. खुद्द बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांची छपाई रखडली, तेव्हा २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्याच राज्यात उत्कृष्ट ग्रंथालयाला दरवर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ग्रंथालयात जात कशाला आणता? वाचकाला दारात जात विचारायची का? अजिबात नाही. कोणत्याही वाचकाला ग्रंथालयात जात सांगावी लागू नये. आपली मागणी मंडळांच्या माहितीची आहे. ग्रंथालय कोणत्या वस्तीत आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या वस्तीपासून किती अंतरावर आहे, कोणत्या वस्त्यांमधून किती सभासद येतात, अनामत आणि वर्गणी किती आहे, कार्यकारी मंडळात आणि निवड समितीत कोणत्या समाजांचे किती लोक आहेत, हे एकाही वाचकाची जात न विचारता कळू शकते. शिवाय सभासदाच्या नोंदवहीत आडनाव आणि पत्ता आजही लिहिला जातो. काउंटरवरच्या माणसाला त्यातून जे कळायचे ते कळतेच. जे काउंटरवर कळते ते धोरण ठरवणाऱ्याला कळू नये, हा आग्रह सोयीचा आहे.

हे करता येण्यासारखे आहे. कर्नाटकात २०२०पासून ग्रामपंचायत ग्रंथालयांत मुलांना मोफत सभासदत्व देण्याची मोहीम चालली. फी हा पहिला अडथळा आहे, हे तिथे ओळखले गेले. दिल्लीत आणि इतरत्र मोफत सामुदायिक ग्रंथालये चालवणारे गटही हेच सांगत आले आहेत : अनामत आणि ओळखपत्राची अट काढा, मुले आपोआप येतात.

म्हणून केंद्रातल्या प्रतिष्ठानाकडे आणि राज्यांच्या ग्रंथालय परिषदांकडे आपली मागणी चार मुद्द्यांची असावी. वार्षिक अहवालात वस्तीनिहाय माहितीचा तक्ता द्या. इमारत आणि ग्रंथांच्या मदतीचा ठरावीक हिस्सा, स्वतःची जागा नसलेल्या पण प्रत्यक्ष चालणाऱ्या वस्तीतल्या अभ्यासिकांसाठी राखा. प्रस्ताव राज्याच्या भाषेत स्वीकारा. निवड समित्यांत वंचित समाजांतले लेखक, ग्रंथपाल आणि छोटे प्रकाशक घ्या, आणि समितीची रचना जाहीर करा.

मंडळे हे आपणहून करतील असे मानायचे कारण नाही. इथे पहिल्या पिढीच्या पदवीधराचे काम सुरू होते. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालय कुठे आहे ते शोधा. आपल्या तालुक्यात कोणत्या ग्रंथालयांना अनुदान मिळते, त्यांची कार्यकारी मंडळे कोणती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. वस्तीतल्या अभ्यासिकेची नोंदणी करून घ्या. चार प्रतींतला तो इंग्रजी किंवा हिंदी प्रस्ताव लिहायला बसा, आणि सोबत एक पत्र मराठीत जोडा की पुढच्या वर्षी आम्ही मराठीतच लिहू. आपल्याला इंग्रजी अर्ज लिहिता येऊ लागला आहे. तो आतापर्यंत आपण नोकरीसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी लिहिला. वस्तीतल्या खोलीत रात्री दिवा लावून बसलेल्या मुलांसाठीही तो आता लिहायला हवा.