वाढत्या अंगाचं विमान

मध्यमवर्गीय माणसाचं एक खास अर्थशास्त्र असतं. बी.कॉम.च्या तीन वर्षांत ते कुणी शिकवत नाही, शाळेचा गणवेश घेताना दुकानात उभ्या उभ्या शिकवलं जातं. सदरा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा! बाह्या चार बोटं लांब आणि कॉलरमध्ये आणखी एक मान मावेल इतकी जागा. सदऱ्यापुरतं हे शास्त्र बिनचूक आहे, कारण सदरा थांबतो आणि पोरगं वाढतं. माझं भांडण आहे ते हेच शास्त्र विमानाच्या किटला लावणाऱ्या बापांशी.

पोराच्या वाढदिवसाला सुटे भाग जोडून विमान करायचा खोका आणावा, ही कल्पना उत्तमच. पण सात वर्षांच्या मुलासाठी बाप उचलतो काय, तर चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान! का, तर म्हणे, 'एवढंसं काय घ्यायचं? मोठं घेऊ, पैसे तरी वसूल होतील.' आमच्या शाखेतल्या एका गृहस्थांनी असंच लँकॅस्टर आणलं. १:७२ प्रमाणातलं, म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. तरीही पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १७ इंच! पहिल्या रात्री मुलाने दोन चाकं जोडली. दुसऱ्या रात्री बाप म्हणाला, 'थांब, तू बिघडवशील.' तिसऱ्या रात्री मुलगा झोपला होता आणि बाप जागा होता. विमान आता शोकेसमध्ये आहे. आल्यागेल्याला मुलगा सांगतो, 'ते बाबांचं आहे. हात नाही लावायचा.' याला वसुली म्हणायचं, तर बुडीत कर्ज कशाला म्हणायचं?

आणि मोठं म्हणजे चांगलं, हा समज उडणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तर साफ खोटा. १८७८ साली अमेरिकेत बिशप मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांना एक खेळणं आणून दिलं. बांबू, कागद, बूच आणि पिळलेलं रबर, एवढाच त्याचा संसार. सोडलं की छताकडे झेप घ्यायचं. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा होता, ऑर्व्हिल ७. पुढे पोरांनी स्वतःच तसली खेळणी करायला घेतली आणि त्यांना दिसलं, की आकार जितका वाढवावा तितकं ते कमी उडतं. सगळी मापं दुप्पट केली तर ताकद आठपट लागते, हे गणित त्यांना मागाहून उमगलं. १७ डिसेंबर १९०३ ला हेच दोघे यंत्र घेऊन उडाले, तेही पहिल्या खेपेला १२ सेकंद आणि १२० फूट. बिशपसाहेबांनी वाढत्या अंगाचं खेळणं आणलं असतं, तर ते माळ्यावर पडलं असतं आणि आपण अजून बोटीनेच लंडनला गेलो असतो! एका इंजिनात कमीपणा वाटणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की १९३२ साली जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते एकाच इंजिनाच्या पस मॉथमधून.

मग घ्यायचं काय? बाल्सा लाकडाचं छोटं ग्लायडर. धड, पंख, शेपूट मिळून पाच-सहा तुकडे, पंख दीड वीत. बाल्सा इतकं हलकं आणि मऊ, की मूलसुद्धा पॉलिश पेपरने घासू शकतं. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल पुरतो. क्षणात चिकटणारा गोंद नको, तो विमानाच्या आधी बोटं जोडतो. संध्याकाळी जोडा, रात्रभर वाळू द्या, सकाळी मैदानावर. दुकानात कसोटी एकच: निम्म्याहून जास्त काम तुमच्या वाट्याला येणार असेल, तर खोका मुकाट्याने फळीवर परत ठेवा.

खरी मजा मैदानावर. गवतावर हळूच सोडून बघायचं. विमान नाक वर करून थबकलं आणि आपटलं, तर नाकाला चिमूटभर क्ले लावायची. नाक खाली घालून जमिनीत घुसलं, तर थोडी काढायची. आम्ही याला ताळेबंद म्हणतो. पण आमचा ताळेबंद जुळला की आम्ही फक्त घरी जातो. पोराचा जुळला की विमान तरंगत जातं आणि पोरगं त्याच्यामागे ओरडत धावतं, 'मी केलंय! मी केलंय!' हे वाक्य कुठल्याही खोक्यात मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, असलं विमान दोन दिवसांत मोडेल. मोडेलच! पण ज्याने जोडलं त्याला ते परत चिकटवता येतं. शोकेसमधलं मोडलं तर फक्त मार खाता येतो.

एक गोष्ट मात्र बँकवाल्याकडून ऐकून ठेवा. बापाशेजारी बसून हात चिकट करून घ्यायची पोराची हौस, ही फार कमी मुदतीची ठेव आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोर खोलीचं दार लावून घेतं आणि या ठेवीचं नूतनीकरण कुठल्याच खिडकीवर होत नाही. तेव्हा विमान आजच्या अंगाचं घ्या. आणि जोडताना एक हात खिशात ठेवा. शक्यतो दोन्ही.