व्यापाऱ्याने भूगोल का वाचावा?

आपल्या व्यापारी समाजात मुलाच्या शिक्षणाचा विचार निघाला म्हणजे हिशेब, करांचे कायदे, इंग्रजी आणि अलीकडे संगणक, एवढ्या विषयांची नावे हटकून घेतली जातात. भूगोलाचे नाव कोणी घेत नाही. शाळेत नद्या आणि राजधान्या पाठ केल्या की तो विषय संपला, अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे आणि व्यापाऱ्याला महाग पडणारी आहे, असे आमचे मत आहे. कोणत्या प्रदेशात कोण माणसे राहतात, ती तेथे कोठून व कशासाठी आली, त्यांची संख्या वाढते की घटते, ती काय खातात, काय पिकवितात आणि कशावर चरितार्थ चालवितात, याचा पद्धतशीर विचार म्हणजे मानवी भूगोल होय. चतुर दुकानदार हेच प्रश्न आपल्या गिऱ्हाइकांपुरते रोज विचारीत असतो. हे शास्त्र ते साऱ्या जगाविषयी विचारते, एवढाच काय तो फरक.

या अभ्यासाला दूर जाण्याचे कारण नाही. फ्रीगंजातील टावर चौकात घड्याळाच्या मनोऱ्याभोवती सायंकाळी जी गर्दी जमते, तिच्यात मालवी, हिंदी, गुजराती, मारवाडी, सिंधी आणि मराठी अशा सहा बोली सहज कानांवर पडतात. मालवी ही या मातीची. मराठी आली ती शिंदेशाहीबरोबर. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलविली, तरी अनेक मराठी घरे येथेच राहिली. १९४७ च्या फाळणीने सिंधी बांधवांना आणले. गुजराती आणि मारवाडी घराणी मालाच्या वाटेने आली. माणसे कोठेही उगीच जाऊन वसत नाहीत. त्यांना राज्य आणते, संकट आणते किंवा बाजार आणतो.

आपला बाजार तर फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात उज्जैनचा उल्लेख 'ओझेने' या नावाने येतो. येथून अकीक आणि मलमल भडोचच्या बंदरात उतरत असे आणि तेथून समुद्रापार जात असे, असे त्यात नमूद आहे. उत्तरेचे मैदान आणि पश्चिमेचा किनारा यांमधील हा मुक्काम. भोवती काळ्या जमिनीचे सुपीक पठार. बाजार वसला तो या दोन कारणांनी. आपल्या पूर्वजांनी त्याचा लाभ घेतला, ही त्यांची हुशारी. परंतु कारणे भूगोलाची होती.

याच जमिनीने एकोणिसाव्या शतकात माळव्याला अफूची संपत्ती दिली. येथील अफू मुंबई आणि दमणच्या बंदरांतून चीनला जाई. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतल्यावर कराचीकडची वाट बंद झाली आणि जकातीचा फास आवळला. पुढे १९०७ साली इंग्रज सरकार आणि चीन यांच्यात करार झाला आणि १९१३ पर्यंत चीनचा व्यापार संपुष्टात आला. वहीत या व्यापाराची नोंद नफ्याची आहे. पेटीच्या दुसऱ्या टोकाला जो मनुष्य त्या व्यसनाने खंगत होता, त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या समाजाने हे स्पष्ट बोलावयास हवे. आपला माल शेवटी कोणाच्या घरात जातो आणि तेथे काय करतो, हा प्रश्न हिशेबाच्या पुस्तकात येत नाही. तो मानवी भूगोलात येतो.

अफूनंतर कापूस. इंदूरचे सर सेठ हुकुमचंद हे आपल्याच समाजाचे. अफूच्या व्यापारात कमावलेले भांडवल त्यांनी वेळीच कापडगिरण्यांत आणि कलकत्त्याच्या तागाच्या धंद्यात घातले. वाऱ्याची दिशा बदलते आहे, हे त्यांनी ओळखले. तथापि तीच दृष्टी पुढे टिकली नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथे यंत्रमागांची गावे उभी राहिली, कृत्रिम धागा आला, जुनी यंत्रे मात्र तशीच फिरत राहिली. हुकुमचंद गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी चुकती होण्याची वेळ २०२३ च्या डिसेंबरात आली. बत्तीस वर्षे! उज्जैनच्या गिरण्यांचे भोंगेही त्याच सुमारास एकामागून एक थांबले. गिरणी बंद पडली म्हणजे केवळ मालक बुडत नाही. किराणा, कापड, भांडी या सर्व दुकानांचे गिऱ्हाईक जाते.

आजचे पीक सोयाबीन. माळव्यात पूर्वी पुष्कळ काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बीत गहू घेत. त्या रिकाम्या हंगामात सोयाबीन बसले आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत साऱ्या पठारावर पसरले. १९८७ साली इंदूरला त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. आता मंडीतील ढिगाचा भाव केवळ मंडीत ठरत नाही. ब्राझील जगात सर्वाधिक सोयाबीन पिकवितो आणि चीन सर्वाधिक विकत घेतो. २०१८ च्या जुलैत चीनने अमेरिकन सोयाबीनवर पंचवीस टक्के कर बसविला, तेव्हा जहाजांचे मार्ग बदलले. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात सुमारे साडेतीन आठवडे रोखली, तेव्हा त्याचा चटका आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला. कारण आपल्या देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. ज्या चीनने एके काळी आपली अफू घेतली, तोच आज सोयाबीनच्या भावावर बसला आहे. हे ज्याला ठाऊक नाही तो व्यापारी दुसऱ्याच्या पंचांगावर लग्न लावीत आहे.

यावर कोणी म्हणेल की भाव तर खिशातल्या फोनवर क्षणात कळतो, मग या अभ्यासाची यातायात कशाला? उत्तर सोपे आहे. फोन भाव सांगतो. भाव का झाला आणि पुढील हंगामात काय होईल, हे सांगत नाही. ताप किती आहे हे नळी सांगते, रोग वैद्याला ओळखावा लागतो.

आता थोडे स्वतःकडे पाहू. जैन म्हणजे व्यापारी, असे जग मानते आणि आपणही मानतो. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे गेल्यास हा भ्रम दूर होईल. तेथील बहुसंख्य जैन पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारे शेतकरी आहेत. त्यांनी १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापिली, आणि कुंभोजच्या जैन घराण्यात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून खेड्यातील सर्व जातींच्या मुलांना शाळेचे दार उघडले. धर्म एक, तत्त्व एक. माती बदलली तसा उद्योग बदलला. उलट बाजूस युगांडातील आपले गुजराती बंधू पाहा. त्यांनी तेथे पेढ्या उभारल्या. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविले, तेव्हा त्या पेढ्या जागच्या जागी राहिल्या. अन्याय करणारा अन्यायीच. पण ज्यांच्यामध्ये दुकान मांडले त्या लोकांशी आपले नाते काय, हा प्रश्नही भांडवलाइतकाच मोलाचा आहे, हा धडा विसरता येत नाही.

आणि संख्येचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत देशात जैन सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, त्यांपैकी चौदा लाख एकट्या महाराष्ट्रात, मध्यप्रदेशात सुमारे पावणेसहा लाख. दहा वर्षांत देशाची वस्ती सतरा टक्क्यांहून अधिक वाढली, आपली पाच टक्क्यांच्या थोडी वर. साक्षरतेत आपण सर्वांच्या पुढे. परंतु सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली मात्र ८८९, म्हणजे देशाच्या सरासरीहूनही कमी! पाण्यातील सूक्ष्म जीव जपण्यासाठी गाळून पाणी पिणाऱ्या समाजात ही संख्या कोठून आली, याचा विचार घरोघर व्हावयास हवा. उत्सवांच्या वर्णनांत आणि देणग्यांच्या याद्यांत हा आकडा कधी दिसत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या संघाने दरवर्षी एक लहानशी पाहणी करावी. सभासदांची घरे किती, मुले-मुली किती, त्यांपैकी शिकावयास किंवा नोकरीस पुण्या-बंगलोरला आणि परदेशी किती गेली व परतली किती. कोणत्या गावांतून माल येतो, तेथील शेतकऱ्याची स्थिती काय. माल शेवटी कोणत्या देशी जातो आणि कोणता माल कोठून येतो. हे प्रश्न त्यात असावेत. महाविद्यालयांतील भूगोलाच्या विद्यार्थ्यांना थोडे मानधन देऊन हे काम करवून घेता येईल. खर्च एका भोजनसमारंभाएवढाही येणार नाही. तिचे निष्कर्ष जाहिरातींच्या पानांच्या आधी या स्मरणिकेत छापावेत. दहा वर्षांनी अशा दहा पाहण्या हाती असतील, तर मुलाला कोणत्या धंद्यात घालावे आणि कोणता धंदा वेळीच आवरावा, यासाठी ज्योतिषाकडे जाण्याची पाळी येणार नाही.

आपण माल तोलण्यात कोणास हार जाणारे नाही. माणसे आणि प्रदेश समजून घेण्याचीही तीच सवय लावून घेतली, तर आपला व्यापार टिकेल आणि तो ज्या लोकांच्या जिवावर चालतो त्यांचेही कल्याण होईल. येत्या सर्वसाधारण सभेत या सूचनेवर चर्चा व्हावी, एवढीच विनंती.