लुईसबर्ग : कोट पडला, मासळी राहिली

१/ कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगत केप ब्रेटन बेटावर फ्रेंचांनी बांधलेला लुईसबर्गचा कोट दोनदा वेढला गेला आणि दोन्ही वेळा पडला. तेवढ्यावरून ‘राजाचा खजिना गिळणारे फसलेले बांधकाम’ असा शिक्का त्याच्यावर सर्रास मारला जातो. हा निवाडा उथळ आहे. तो तट-बुरूज मोजतो. कोट कशाच्या रक्षणासाठी होता, हे विचारतच नाही.

२/ १७१३ च्या युट्रेक्टच्या तहाने फ्रान्सने न्यूफाउंडलंड आणि अकेडियाची मुख्य भूमी गमावली. केप ब्रेटन मात्र राखले. (मूळच्या मिकमॉ लोकांचे हे ‘उनामाकी’. तहात त्यांना कोणी विचारले नाही.) त्याच वर्षी लुईसबर्ग वसले.

३/ भोवतालच्या समुद्रात कॉड मासा विपुल होता. गळाने धरलेला कॉड चिरून, खारवून किनाऱ्यावरील गोट्यांवर आणि लाकडी मांडणींवर वाळवीत. उपवासाला मांस वर्ज्य मानणाऱ्या कॅथलिक युरोपात त्याला मोठी मागणी होती. हलका माल कॅरिबियन मळ्यांतील गुलामांच्या पानात पडे. मासळी समुद्रात मिळे, पण वाळवायला जमीन लागे. म्हणून बंदर हवे, आणि बंदर राखायला कोट हवा. हिशेब साधा होता.

४/ मग कोट पडला कसा? डिसेंबर १७४४ मध्ये शिधा आणि वागणुकीला कंटाळून शिबंदीनेच बंड केले. पुढच्या वर्षी विल्यम पेपरेल या व्यापाऱ्याच्या हाताखाली न्यू इंग्लंडचे सुमारे ४,००० वसाहतवाले चालून आले. फ्रेंचांनी सोडून दिलेल्या मोर्च्यातील तोफा त्यांनी दुरुस्त करून शहरावरच वळवल्या. रसद आणणारे ‘व्हिजिलां’ हे फ्रेंच जहाज इंग्रज आरमाराने पकडले. सुमारे सात आठवड्यांत शरणागती झाली. समुद्र हातचा गेला, तेव्हाच कोटाचे भवितव्य ठरले होते. दगडचुन्याला दोष देणे सोपे असते. आरमाराची हेळसांड कबूल करणे अवघड.

५/ ‘निरुपयोगी’ कोटाची किंमत १७४८ मध्ये दिसली. एक्स-ला-शापेलच्या तहात परस्परांचे जिंकलेले मुलूख परत झाले : लुईसबर्ग फ्रान्सला, तर १७४६ मध्ये ला बूर्दोने याने घेतलेले मद्रास इंग्रजांना. न्यू इंग्लंडमध्ये संताप उसळला. ज्यांनी रक्त सांडले त्यांना आपण काय गमावले, हे नेमके ठाऊक होते.

६/ १७५८ मध्ये ॲमहर्स्टची फौज आणि बॉस्कावेनचे आरमार आले. २६ जुलैला कोट पुन्हा पडला. रहिवाशांना जहाजांत घालून फ्रान्सला धाडले गेले. १७६० मध्ये इंग्रजांनी तटबंदी सुरुंगांनी उडवली. कुचकामी वास्तूवर कोणी एवढी दारू खर्च करीत नाही.

७/ आता १७६३ चा पॅरिसचा तह पाहावा. फ्रान्सने अफाट कॅनडा सोडला, पण न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील मासेमारीचा हक्क सोडला नाही. शिवाय सेंट पिएर आणि मिकलाँ ही इवली बेटे मिळवली. अट अशी की तेथे तटबंदी करायची नाही, पहाऱ्याला फक्त ५० माणसे ठेवायची. ज्या राज्याने खंडापेक्षा मासळीचा हक्क घट्ट धरला, त्याला लुईसबर्ग का बांधले हे नीट माहीत होते.

८/ १९६१ पासून कॅनडा सरकारने लुईसबर्गचा काही भाग पुन्हा उभा केला. पर्यटक तेथे तोफांपाशी थांबतात. गळ टाकणारे, मासे चिरणारे, मीठ चोळणारे हात मात्र बहुतेक कथनांत तळटिपेपुरते उरतात. वेढे आणि सेनापती एवढ्यावर भागवणारा दुर्गेतिहास अर्धाच असतो. लुईसबर्गवर आज फ्रान्सचा अंमल नाही. तटबंदीला मनाई असलेल्या त्या दोन बेटांवर तो आजही आहे.